काकांची खोकी रद्दीत देण्यापूर्वी

पुणे,
दि. १२ नोव्हेंबर

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

काकांनी मिशिगनहून परत येताना आणलेली मॉडेल विमानांच्या मासिकांची खोकी रंगकामाच्या निमित्ताने माळ्यावरून खाली उतरली आहेत आणि काकूंचा कल ती रद्दीवाल्याला देण्याकडे आहे, हे तुझ्या पत्रातून कळले. त्यांत ठेवण्याजोगे काय आहे, असे तू विचारले आहेस. फोनवर मी ‘सगळेच ठेव’ असे सांगून मोकळा झालो असतो. पण तुमच्या घरात जागा किती आहे हे मला ठाऊक असल्यामुळे त्या सांगण्याला काही अर्थ उरला नसता. म्हणून तू पाठवलेले मुखपृष्ठांचे फोटो समोर ठेवून सविस्तर लिहितो आहे.

माझी कसोटी साधी आहे. ज्या पानावर वाचकाला स्वतः मोजून पडताळता येतील असे आकडे आहेत, ते पान मोलाचे. ज्या पानावर नुसते कौतुक आहे, ते गेले तरी हळहळण्याचे कारण नाही. ही कसोटी लावली की तुझ्या फोटोंतली सर्वांत देखणी मुखपृष्ठे बहुधा आधी बाद होतील. त्याला अपवाद आहेत, ते पुढे येतीलच.

सुरुवात मोठ्या मासिकांपासून करू. ‘मॉडेल एअरप्लेन न्यूज’ हे अमेरिकेत १९२९ पासूनचे, ‘एरोमॉडेलर’ हे इंग्लंडचे १९३५ पासूनचे, ‘रेडिओ कंट्रोल मॉडेल्स अँड इलेक्ट्रॉनिक्स’ १९६० चे आणि काकांकडे ज्याची सर्वांत मोठी चळत दिसते ते ‘रेडिओ कंट्रोल मॉडेलर’ १९६३ चे. या मासिकांचा जीव इंजिनाच्या विमानांत होता. जाहिराती इंजिने, इंधन आणि रेडिओ विकणाऱ्यांच्या असत आणि मुखपृष्ठावर बहुतेक वेळा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे चकाकते विमान असे. ग्लायडर, म्हणजे इंजिनाविना हवेवर तरंगणारी विमाने, आणि इलेक्ट्रिक विमाने यांच्या वाट्याला मागच्या पानांतला एखादा नियमित स्तंभ येई. गंमत अशी की मला आज त्या अंकांत वाचावेसे वाटते ते हेच स्तंभ. जाहिरातदाराचे त्या पानांवर विशेष लक्ष नसल्यामुळे लिहिणाऱ्याला मोकळीक होती, असा माझा तर्क आहे. अमेरिकेतल्या मन्सी येथील अ‍ॅकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स या मॉडेलवाल्यांच्या संस्थेचे ‘मॉडेल अ‍ॅव्हिएशन’ हे तर सभासदांना मिळणारे मासिक. त्यात बॉब कोप्स्की यांचा इलेक्ट्रिक विमानांवरचा स्तंभ वर्षानुवर्षे येत असे. जोडणीची तार किती जाड हवी, कनेक्टरमध्ये किती व्होल्ट वाया जातात, अशा बारीकसारीक गोष्टी हा गृहस्थ शाळामास्तराच्या चिकाटीने समजावून सांगतो.

त्या काळी इलेक्ट्रिक विमानांना मागचेच पान का मिळत होते, हे समजले तर त्या स्तंभांची किंमत कळेल. कल्पना नवी नव्हती. इंग्लंडमध्ये कर्नल टॅप्लिन यांनी ३० जून १९५७ रोजी ‘रेडिओ क्वीन’ हे विमान विजेच्या मोटारीवर आणि सिल्व्हर-झिंक बॅटरीवर रेडिओने उडवून दाखवले होते. जर्मनीत ग्राउपनर कंपनीसाठी काम करणारे फ्रेड मिलिट्की यांनी १९६० मध्ये ‘सायलेंशियस’ हे इलेक्ट्रिक मॉडेल बाजारात आणले, आणि पुढे माणूस घेऊन विजेवर उडालेले पहिले विमान ऑस्ट्रियात २१ ऑक्टोबर १९७३ रोजी उडाले, त्यामागेही हेच मिलिट्की होते. कॅलिफोर्नियात रॉबर्ट बाउचर यांच्या अ‍ॅस्ट्रोफ्लाइट कंपनीने केवळ सूर्यप्रकाशावर चालणारे ‘सनराइझ’ हे ३२ फूट पंखांचे विनामनुष्य विमान ४ नोव्हेंबर १९७४ रोजी एका कोरड्या तलावाच्या पात्रावरून उडवले. छंदासाठी मोटारी विकणाऱ्या कंपनीने जगातले पहिले सौर विमान उडवावे, ही मला या क्षेत्रातली सर्वांत लोभस हकीकत वाटते.

तरीही रविवारी मैदानावर जाणाऱ्या सामान्य माणसाला वीज परवडत नव्हती, कारण बॅटरी जड होती. हिशेब करून बघ. नव्वदच्या दशकातले सात निकॅड (निकेल-कॅडमियम) सेलचे पॅक घेतले तर ८.४ व्होल्ट आणि १.७ अँपिअर-तास, म्हणजे सुमारे १४ वॉट-तास ऊर्जा, आणि वजन सुमारे ४०० ग्रॅम. आज मी वापरतो ते तीन सेलचे लिपो (लिथियम-पॉलिमर) पॅक ११.१ व्होल्ट आणि २.२ अँपिअर-तासांचे आहे. म्हणजे २४ वॉट-तासांहून थोडे अधिक, आणि वजन १८० ग्रॅमच्या आसपास. वजनाच्या मानाने ऊर्जा जवळजवळ चौपट झाली. या चौपटीच्या अलीकडे राहून ज्यांनी विमाने उडवली, त्यांना प्रत्येक ग्रॅमचा आणि प्रत्येक अँपिअरचा जाब द्यावा लागत होता, आणि म्हणूनच त्यांच्या लेखनात आकडे आहेत. आजच्या मुलाला विमान उभे चढवता येते. मोटार आणि प्रोपेलर यांची सांगड चुकली तरी बॅटरी ती चूक झाकून नेते. त्या काळी चूक झाकली जात नव्हती. सेलची ती आकडेवारी आता जुनी झाली हे खरे. पण मोठा प्रोपेलर सावकाश फिरवणे आणि छोटा प्रोपेलर वेगाने फिरवणे यांत कोणत्या विमानाला काय मानवते, हे मला त्या पानांतूनच नीट कळले.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. इतक्या जड बॅटरीवर चांगले उडू शकेल असे विमान एकच होते: ग्लायडर. मोटार अर्धा-एक मिनिट चालवून उंची गाठायची, मग मोटार बंद, प्रोपेलरची पाती मिटून नाकाला चिकटतात आणि पुढे विमान थर्मल, म्हणजे तापून वर चढणारी हवा, शोधत हिंडते. त्यामुळे ग्लायडरवाले आणि इलेक्ट्रिकवाले एकाच मासिकात नांदू लागले. अमेरिकेत विल बायर्स यांचे ‘सेलप्लेन अँड इलेक्ट्रिक मॉडेलर’ नव्वदच्या दशकात निघाले आणि पुढे ‘क्वाएट फ्लायर’ झाले. इंग्लंडमध्ये ‘क्वाएट फ्लाइट इंटरनॅशनल’ होते. दोघांनाही जोडणारा आणखी एक व्यावहारिक धागा होता. इंजिनाच्या कर्कश आवाजामुळे शेजारी तक्रार करतात आणि मैदान हातचे जाते, ही त्या देशांतल्या क्लबांची जुनी डोकेदुखी. ग्लायडर आणि मोटार यांना तो त्रास नव्हता. लिपो आल्यावर हा संसार मोडला. इलेक्ट्रिकवाले फोमच्या जेटकडे आणि कसरतीच्या विमानांकडे वळले, ग्लायडरवाले मागे राहिले. आता एफ५जे या इलेक्ट्रिक ग्लायडरच्या स्पर्धाप्रकारात ते पुन्हा एकत्र दिसतात आणि त्याचा नियम मला फार चतुर वाटतो. मोटार एकदाच, फार तर ३० सेकंद चालवायची; उड्डाणाच्या प्रत्येक सेकंदाला एक गुण; पण किती उंचीवर सुरुवात केली ते विमानातले यंत्र नोंदवते आणि २०० मीटरपर्यंत दर मीटरला अर्धा गुण, त्यावरच्या प्रत्येक मीटरला तीन गुण कापले जातात. ज्याला हवा वाचता येते तो ६० मीटरवरच मोटार बंद करून तुझ्या-माझ्यासारख्यांच्या पुढे जातो.

तर या दोन ‘शांत’ मासिकांचे अंक तुझ्याकडे असतील तेवढे ठेव. फोटोत मला चारच दिसले.

आता खऱ्या ऐवजाकडे येतो. तुझ्या तिसऱ्या फोटोत डाव्या कोपऱ्यात, एका जाड मासिकाखाली अर्धवट दबलेली, साध्या कागदावर छापलेली, पिना मारलेली काही पातळ चोपडी आहेत. त्यांवर ‘आर/सी सोअरिंग डायजेस्ट’ असे लिहिलेले दिसते. जिम ग्रे यांनी १९८४ मध्ये ते सुरू केले. हे केवळ ग्लायडरवाल्यांनी ग्लायडरवाल्यांसाठी चालवलेले नियतकालिक होते. यात बिल आणि बनी कुलमन हे दांपत्य बिनशेपटीच्या विमानांवर ‘ऑन द विंग’ हा स्तंभ लिहीत असे. त्यांनीच पुढे संपादन हाती घेतले आणि ते विनामूल्य पीडीएफ स्वरूपात जगभर जाऊ लागले. २०२१ मध्ये त्याचा नवा अवतारही निघाला. यातले लेख पहिल्या वाचनात रुक्ष वाटतात. एखादा माणूस तीन पाने खर्चून सांगतो की शेपटीचा कोन अर्ध्या अंशाने बदलल्यावर काय झाले; मग पुढच्या अंकात दुसरा लिहितो की माझ्याकडे तसे झाले नाही, आणि कारण काय असावे ते मांडतो. गुळगुळीत मासिकात असा प्रतिवाद क्वचितच छापला जाई. वाचक स्वतःच प्रयोग करणारा असला की संपादकाला थापा खपवता येत नाहीत.

याच जातीचे, पण त्याहून वरचे काम म्हणजे ‘सोरटेक’ या नियतकालिकाचा आठवा अंक. व्हर्जिनिया बीच इथल्या हर्क स्टोकली यांनी तो १९८९ मध्ये प्रकाशित केला. काकांच्या संग्रहात तो असेल तर जाडजूड, दूरध्वनीच्या डिरेक्टरीसारखा दिसेल, नीट शोध. मायकेल सेलिग, जॉन डोनोव्हन आणि डेव्हिड फ्रेझर यांनी प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विंड टनेलमध्ये मॉडेल विमानांच्या पंखांचे छेद, म्हणजे आपण एअरफॉइल म्हणतो ते, एकामागून एक तपासले. सेलिग तेव्हा विद्यार्थीच होते. प्रश्न असा होता की मोठ्या विमानांसाठी केलेली मापे आपल्याला उपयोगी पडत नाहीत. पंखाची रुंदी २० सेंटिमीटर आणि वेग सेकंदाला ८ मीटर धरला तर रेनॉल्ड्स अंक, म्हणजे पंखावरून हवा कशी वाहील याचा अंदाज देणारा आकडा, एक लाखाच्या आसपास येतो. प्रवासी विमानाला तोच आकडा कोटींत असतो. एवढ्या कमी अंकाला पंखावरून सरळ, संथ वाहणारी हवा मध्येच पृष्ठभाग सोडते आणि थोड्या अंतरावर पुन्हा येऊन चिकटते. मधल्या जागेत एक बुडबुडा तयार होतो आणि विमानाला मागे खेचतो. हा बुडबुडा कोणत्या छेदावर किती मोठा होतो, हे कागदावरच्या गणिताने तेव्हा खात्रीने सांगता येत नव्हते. म्हणून ६०,००० पासून ३,००,००० पर्यंतच्या रेनॉल्ड्स अंकांना प्रत्यक्ष मोजमाप करण्यात आले.

तपासायचे पंख बनवले कोणी? देशभरातल्या हौशी लोकांनी, आपापल्या घरी. बारा इंच रुंदीचे तुकडे त्यांनी घासूनपुसून तयार करून पाठवले, आणि खर्चासाठी वर्गणीही काढली. त्यातही मला सर्वांत भावते ते हे की आलेला प्रत्येक तुकडा आधी यंत्रावर मोजला गेला आणि ठरलेल्या आकारापासून तो किती ढळला आहे, ते निकालासोबत छापले गेले. म्हणजे वाचकाला दिसते की अमुक छेदाचा निकाल वाईट आला, पण तुकडाही अमुक इतका वाकडा होता. वरच्या पृष्ठभागावर पातळ पट्टी चिकटवून हवा मुद्दाम खळबळवली तर बुडबुडा कमी होतो का, हेही त्यांनी पाहिले. यातूनच ९.२ टक्के जाडीचा एसडी ७०३७ हा छेद नावारूपाला आला. माझ्या जुन्या दोन मीटरच्या ग्लायडरचा पंख त्याच छेदाचा आहे. पुढे हेच काम इलिनॉय विद्यापीठात चालू राहिले.

एमआयटीचे मार्क ड्रेला त्याच परंपरेतले. एअरफॉइलचे गणित करणारी ‘एक्सफॉइल’ ही संगणक-प्रणाली त्यांची, १९८८ मध्ये क्रीट ते सँटोरिनी असे माणसाच्या पायांच्या जोरावर उडालेल्या ‘डीडॅलस’ विमानाच्या आराखड्यात त्यांचा वाटा, आणि तेच गृहस्थ तीन मीटरच्या ‘बबल डान्सर’ या बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाच्या ग्लायडरचे नकाशे कोणालाही फुकट देतात.

एवढे कौतुक केल्यावर आता तुला विचित्र वाटेल असे सांगतो: ही पातळ चोपडी आणि तो जाड अंक यांची पाने महाजालावर विनामूल्य मिळतात. अडचण फारच असेल तर कागद गेला तरी ज्ञान जाणार नाही. ‘मॉडेल अ‍ॅव्हिएशन’चे जुने अंकही अकॅडमीने सभासदांसाठी संगणकावर आणले आहेत. तेव्हा जागेचा प्रश्न आला की सर्वांत मौल्यवान मजकूरच आधी सोडता येईल आणि ज्यांची दुसरी प्रत कुठे सापडणार नाही, ते धरून ठेवावे लागेल. तशा गोष्टी दोन.

पहिली, घडी घातलेले नकाशे. इंग्रजी अंकांत मध्यभागी पूर्ण आकाराचा नकाशा पिनांत अडकवून देत. घाईत चळत उचलताना तो निसटतो; म्हणून प्रत्येक अंक मध्यावर उघडून बघ. नकाशा उलगडलास तर त्यावर छापलेली पंखाची लांबी पट्टीने मोजून पाहा, कारण जुना कागद आक्रसतो आणि घडीवर नेमकी पंखाची फासळी आली असेल तर तिचा आकार बिघडतो. मापे इंचांत असतील. एक-षोडशांश इंचाच्या जागी आपल्याकडे मिळणारी दीड मिलिमीटरची बाल्सा शीट चालते. तीन-बत्तिसांशाच्या जागी अडीचची घ्यावी लागते आणि वजन किंचित वाढते. हे नकाशे दुकानात छायाप्रत काढायला टाकू नकोस; यंत्रात एका बाजूला ताणले जातात.

दुसरी, काकांच्या पेन्सिलीच्या नोंदी. तू पाठवलेल्या शेवटच्या फोटोत ‘स्पीड ४००’ या छोट्या विजेच्या मोटारीचा तक्ता आहे आणि समासात काकांच्या अक्षरात मराठीत लिहिले आहे: ‘७ सेल, ६००, ८ अँप. ४ मि. शेपूट जड. नाकात १५ ग्रॅम शिसे.’ हिशेब जुळतो बघ: ६०० मिलिअँपिअर-तासांचे पॅक ८ अँपिअरने साडेचार मिनिटांत रिकामे व्हायला हवे. म्हणजे काकांनी लेखकाचा तक्ता स्वतःच्या विमानावर ताडून पाहिला आणि उत्तर तिथेच लिहून ठेवले. तसल्या नोंदी असलेला एकही अंक हातचा जाऊ देऊ नकोस. मग तो कितीही फालतू मासिकाचा का असेना.

रद्दीत निःशंकपणे काय द्यायचे तेही सांगतो. २००० नंतरच्या अंकांतली तयार विमानांची परीक्षणे. कागदी मासिकाचा मजकूर महिनोन्महिने आधी ठरतो, आणि लिपोच्या पहिल्या वर्षांत बाजार त्याहून वेगाने बदलत होता. लेख हाती येईपर्यंत बॅटरी आणि मोटार दोन्ही मागे पडत. शिवाय परीक्षण करणारा माणूस विमानाला नावे ठेवत नाही. समोरच्याच पानावर त्या कंपनीची जाहिरात असते. एखादे परीक्षण ठेवायचेच असेल तर शेवटच्या चौकटीतले दोन आकडे बघ: कंपनीने सांगितलेले वजन आणि परीक्षकाने तोललेले वजन. लिहिणाऱ्याने स्वतः तोलले नसेल तर पुढे वाचू नकोस. ३५ चौरस डेसिमीटरच्या पंखावर ८०० ग्रॅम आणि ९५० ग्रॅम यांत प्रत्येक चौरस डेसिमीटरला चार ग्रॅमहून जास्त फरक पडतो, आणि सकाळच्या मंद हवेत तो लगेच जाणवतो.

७२ मेगाहर्ट्झच्या रेडिओंच्या जाहिराती, फ्रिक्वेन्सीच्या रंगीत झेंड्यांचे तक्ते वगैरे सोडून दे, २.४ गिगाहर्ट्झ आल्यापासून तो विषय संपला. थर्मलवरचे लेख मात्र वाचून मग ठरव. ते थंड प्रदेशात बसून लिहिलेले आहेत. तिकडे उन्हाळी दुपार ही सुगीची वेळ; आपल्या पठारावर चैत्र-वैशाखात दुपारी हवा इतकी उसळते की हलके ग्लायडर वर जाऊन दिसेनासे होते. काकांनी परत आल्यावर एखाद्या समासात याविषयी काही लिहिले आहे का, हे मला बघायचे आहे.

डिसेंबरात माझे तिकडे येणे आहे. नोंदी असलेले अंक आणि नकाशे वेगळे बांधून ठेव. मी ते पुण्याला नेऊन नीट स्कॅन करीन आणि मूळ कागद तुला परत आणून देईन. रंगाऱ्याला तोवर थांबवता येत नसेल तर खोकी पलंगाखाली सरकव, पण भिंतीला टेकवू नकोस, ओल धरेल.

काकूंना माझा नमस्कार सांग. वहिनींना आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत

ता. क. पिना गंजलेल्या असतील तर ओढून काढू नकोस, कागद फाटेल. मागच्या बाजूने चाकूच्या टोकाने पाय सरळ कर आणि मग पुढून अलगद उचल. कसर दिसली तर तो अंक बाकीच्यांपासून लगेच वेगळा कर.